परत न केलेल्या पुस्तकाचे लेखक : चिं. वि. जोशी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने शाळेच्या दिवसांतल्या एका माणसावर लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले आणि आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत माणसांची वाटणी होऊन गेली. गणिताचे सर, पी. टी.चे सर, मराठीच्या बाई, घंटा देणारे शिपाईमामा, सगळे कुणी ना कुणी उचलले. मला नेहमीप्रमाणे उशीर झाला. म्हणून मी अशा माणसावर लिहितो आहे, ज्याला आपल्यापैकी कुणीच पाहिले नाही. आपण जन्मायच्या आधीच ते वारले होते. तरी १९८० साली दहावी झालेल्या आमच्या बॅचला विचारून बघा. चिं. वि. जोशी आपल्या वर्गाला शिकवायला होते की काय, असे वाटावे इतक्या ओळखीने सगळे त्यांच्याबद्दल बोलतील.

त्याचे कारण मराठीच्या बाई. नववीत असताना एखाद्या तासाला सर आले नाहीत की बाई वर्गावर येत आणि शाळेच्या ग्रंथालयातले ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ काढून वाचायला लागत. त्या दिवसांत मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ मालिका गाजत होती. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कोपरीत आमच्या चाळीत टीव्ही एकच. त्याच्यापुढे बसायला जागा मिळावी म्हणून आम्ही मिठबंदर रोडवरून पळत घरी यायचो. त्यामुळे बाई वाचायला लागल्या की आमच्या डोळ्यांपुढे माणसे आधीच उभी असत. बाकांवर डोके ठेवून हसणारी पोरे मला आजही दिसतात. त्या हसण्यात मी नव्हतो. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी त्या लेखकाविषयी.

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२चा, पुण्याचा. आपल्या ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय पुढच्या वर्षी, १८९३ साली सुरू झाले, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच वयाचे. शिक्षण पुण्यातच झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांना गुरू मिळाले ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा माणूस बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून घर सोडून निघाला, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश इथे राहून पाली शिकला आणि १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होता. त्या वेळी पाली शिकून पोट भरेल असे कुणी म्हटले असते तर घरच्यांनी कपाळावर हात मारला असता. तरी काही मुले कोसंबींपुढे बसली आणि त्यांतले बरेचसे पुढे या भाषेचे मोठे पंडित झाले. चिंतामणराव त्यांतले एक. १९१६ साली ते एम. ए. झाले.

बाईंनी हे सगळे आम्हाला सांगितले होते. ते पालीचे प्राध्यापक होते असे बाई म्हणाल्या आणि वर्ग फुटला. अर्ध्या वर्गाला भिंतीवरची पाल आठवली, उरलेल्यांना बल्लाळेश्वराची पाली. बाईंनी हसू दिले आणि मग सांगितले की ही भाषा आपल्याला वाटते तितकी लांबची नाही. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला होता, आणि जुन्या पाली ग्रंथांत सुप्पारक म्हणून ज्या बंदराचे नाव येते ते हेच सोपारे. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात बसून हे ऐकताना आम्ही क्षणभर गप्प झालो होतो.

१९२० साली चिं. वि. बडोद्याला गेले. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे तेव्हा मराठी माणसाला परके नव्हते. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ साली साऱ्या संस्थानात लागू करणारा आणि गावोगावी वाचनालये काढणारा तो राजा. तिथल्या महाविद्यालयात चिं. वि. शिकवू लागले. पुढे ते संस्थानचे राजदप्तरदार झाले. पिढ्यान् पिढ्यांचे कागद, हिशेब, मोडीतली पत्रे, हुकूम आणि अर्ज यांची नीट बांधाबांध ठेवायची आणि हवा तो कागद हवा तेव्हा काढून द्यायचा, असे हे काम. माझ्या मनात नेहमी येते की चिमणरावांचे घर तिथल्याच कागदांतून उभे राहिले असावे. अर्ज करणारा माणूस कसा वाकतो, साहेबाला लिहिताना कारकुनाची भाषा कशी घामेजते, हे ज्याने रोज वाचले, त्याला विनोदासाठी लांब जायची गरज कशाला पडेल?

१९३२ साली त्यांचे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आले, त्याच्या पुढच्या वर्षी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’, १९३६ साली ‘वायफळाचा मळा’. पुढे ‘आणखी चिमणराव’, ‘गुंड्याभाऊ’, ‘ओसाडवाडीचे देव’, ‘रहाटगाडगे’, ‘पाल्हाळ’ अशी पुस्तके येत राहिली. ही नावे एकाखाली एक लिहून बघा. एरंडाच्या गुऱ्हाळातून रस निघत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. चऱ्हाट म्हणजे वळत बसायची दोरी, नाहीतर संपता न संपणारे बोलणे. वायफळ म्हणजे कुचकामी, आणि पाल्हाळ तर आपल्या निबंधांवर लाल शाईने लिहून येत असे. वाचकाने किंवा टीकाकाराने जे नाव ठेवले असते ते या माणसाने स्वतःच पुस्तकाच्या वरच्या पानावर छापून टाकले. मग नावे ठेवायला कुणाला काही उरलेच नाही.

त्यांच्या आधी मराठीत विनोद नव्हता असे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून वाट पाडली होती, गडकऱ्यांचा बाळकराम होता, अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली होती. कोल्हटकर आणि गडकरी मोठेच, पण त्यांचा विनोद समजायला भाषा चांगली पिकलेली लागते. कोटी कळायला आधी शब्द कळावा लागतो. चिं. वि. घरात आले. पाहुणे येतात, मुलीला स्थळ बघायचे असते, प्रवासाला निघायचे असते, साहेबाची मर्जी राखायची असते, आणि चांगल्या हेतूने केलेली गोष्ट डोळ्यांदेखत बिघडत जाते. हे कळायला बारा वर्षांचे वय पुरते. मोठ्या माणसांची फजिती होताना बघणे यासारखी पोरांना दुसरी मेजवानी नाही. म्हणून आपल्या ग्रंथालयाच्या त्या एका कपाटात ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ला आणि भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ला खेटून चिमणराव उभे असत. ती पुस्तके मुलांसाठी म्हणून लिहिलेली. चिमणराव मोठ्यांसाठी लिहिलेले, पण मुलांनी ते कधीच मोठ्यांकडे राहू दिले नाहीत.

त्या घरातली नावेच बघा. नवरा चिमण, बायको काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. सगळे घर पाखरांचे. त्यात एकच बिनपाखरू, मावसभाऊ असो की आतेभाऊ, पण नात्याहून सोट्यानेच ओळखला जाणारा धिप्पाड गुंड्याभाऊ. एक घाबरणारा आणि एक कशालाच न घाबरणारा. गंमत अशी की न घाबरणारा जिथे हात घालतो तिथे घोटाळा जास्त होतो. याच चिं. विं.नी १९३० साली जातकांतल्या निवडक गोष्टी मराठीत आणल्या होत्या. जातकांत बोलणारी माकडे, ससे, पक्षी असतात आणि त्यांच्या तोंडून माणसाचा लोभ, माणसाची भीती बाहेर येते. रात्री जातके वाचणाऱ्या माणसाने सकाळी उठून सदाशिव पेठी कारकुनाच्या घराला पाखरांची नावे द्यावीत, याचे मला आता नवल वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी ही १८८१ साली स्थापन झालेली, पाली ग्रंथ संपादून छापणारी जगातली मानाची संस्था. तिच्यासाठी चिं. विं.नी ‘सद्धम्मप्पकासिनी’ नावाची मोठी जुनी टीका संपादित केली. तीन खंड. वेगवेगळ्या पोथ्यांतले पाठ ताडून बघायचे, कुठे अक्षर चुकले, कुठे ओळ गळली ते शोधायचे, असे डोळे फोडणारे काम. त्याचा पहिला खंड १९३३ साली निघाला आणि शेवटचा १९४७ साली. १९३३ म्हणजे चिमणरावांच्या चऱ्हाटाचेच वर्ष. एकाच टेबलावर एकीकडे आचार्यांची टीका आणि दुसरीकडे काऊने सांगितलेली कामे विसरून आलेला चिमणराव. सद्धम्मप्पकासिनी वाचणारे जगात किती असतील, हाताच्या बोटांवर मोजता येतील. चिमणराव घराघरांत गेले. आपण खपलेल्या घामाला विसरून लोक आपल्या गमतीलाच ओळखतात, याचे एखाद्याला वाईट वाटले असते. चिं. वि. मात्र शेवटपर्यंत दोन्ही करत राहिले. त्यांनी एकासाठी दुसरे सोडले नाही.

१९४० साली मास्टर विनायकांनी त्यांच्या कथेवर ‘लग्न पहावं करून’ हा चित्रपट काढला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ आला. आमच्या आजीच्या पिढीचे चिमणराव हे दामुअण्णा, आणि आमचे चिमणराव प्रभावळकर. दोन पिढ्यांनी आपापला चिमणराव वेगळा पाहिला आणि दोघींनाही तो आपल्या शेजारच्या खोलीतला वाटला.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजदप्तरे राजाविना उरली. चिं. विं.चे लिहिणे थांबले नाही. १९६३ साली त्यांचे ‘बुद्धसंप्रदाय व शिकवण’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला, एकाहत्तराव्या वर्षी ते गेले. सारा महाराष्ट्र ज्याच्यामुळे हसला, त्या माणसाचे त्या शेवटच्या वर्षातले पुस्तक दुःखाचा विचार करणाऱ्या बुद्धावर होते.

आता माझी गोष्ट.

माझे वडील व्ही. टी.जवळच्या एका कचेरीत कारकून होते. अंगाने किडकिडीत, हातात बाराही महिने छत्री, आणि साहेबाचे नाव निघाले की आवाज आपोआप खाली. सकाळी ठाणे स्टेशनवर गाडीत चढताना ते आधी दोन माणसांना पुढे जाऊ देत आणि मग त्यांचीच गाडी चुके. टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि आमच्या गल्लीतल्या पोरांना चिमणराव सापडले. वडील संध्याकाळी पूर्वेच्या जिन्याने उतरून येताना दिसले की कुणीतरी हळूच ते नाव घेई. मला वर्गात मोरू म्हणू लागले. बाई वाचायला लागल्या की दोन बाक पुढचे मागे वळून माझ्याकडे बघत. बाईंच्या ध्यानीमनीही नसेल. मी मात्र कानशिले तापवून बसलेला असे. मी वडिलांबरोबर स्टेशनवर जाणे बंद केले. बाजारातून येताना ते दिसले तर मी रस्ता बदलायचो. पिशवी त्यांच्या हातात जड असायची, हे दिसत असूनही.

शेवटी एप्रिल १९७९ मध्ये मी एक युक्ती काढली. ग्रंथालयाच्या तासाला मी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ माझ्या नावावर घेतले. वाचायला नाही. पुस्तकच शाळेत नसले तर बाई वाचणार काय, असा माझा हिशेब. घरी आणून ते मी गाद्यांच्या वळकटीत कोंबून ठेवले. पुढच्या रिकाम्या तासाला बाई आल्या, पिशवीतून स्वतःची प्रत काढली आणि मागच्या पानावरून पुढे सुरू झाल्या. चांगल्या हेतूने नाही, पण पुऱ्या तयारीने केलेली माझी योजना अशी डोळ्यांदेखत बिघडली. ती खुद्द चिमणरावांना शोभली असती हे तेव्हा मला सुचले नाही.

ते पुस्तक एका रविवारी वडिलांच्या हाती लागले. गाद्या उन्हात घालताना पडले असावे. मी खाडीवरून खेळून आलो तेव्हा ते गॅलरीत बसून वाचत होते आणि हसत होते. आमचे वडील हसताना आवाज करत नसत. त्या दिवशी मात्र हसता हसता ठसका लागला, आई पीठ लागल्या हातांनी बाहेर आली, शेजारच्या काकू डोकावल्या. वडिलांनी डोळे पुसले आणि आईला ते पान वाचून दाखवायला लागले. मग आईही हसायला लागली. मी दारात तसाच उभा.

रात्री जेवताना मी सगळे बोलून टाकले. पोरे काय म्हणतात, मी पुस्तक का आणले, रस्ता का बदलतो, सगळे. वडील रागावतील असे वाटले होते. ते थोडा वेळ भात कालवत राहिले. मग त्यांनी विचारले की पुस्तक मी वाचले आहे का. मी नाही म्हटले. तेव्हा ते म्हणाले की वाच, आणि एवढेच बघ की ही गोष्ट सांगतो आहे कोण. आणि मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, त्यांनी आम्हाला कचेरीतली गोष्ट सांगितली. साहेबाला घाबरून त्यांनी एकच पत्र तीनदा कसे टाइप करून घेतले आणि तिन्ही वेळा तारीख चुकीची कशी गेली. त्या रात्री आम्ही चौघे पोट धरून हसलो. हसवणारे वडील होते.

मी पुस्तक वाचले आणि मला ते दिसले. चिमणरावांची फजिती दुसरा कुणी सांगत नाही, चिमणरावच सांगतात. सारा भित्रेपणा, सारे घोटाळे, बायकोपुढची माघार, सगळे ते आपल्या तोंडाने सांगतात. जो आपले हसे स्वतः सांगतो त्याला कुणी हसून लहान करू शकत नाही. चिं. वि. जोशांनी कारकुनाला नायक केले असे लोक लिहितात. मला वाटते त्याहून मोठी गोष्ट त्यांनी केली. त्यांनी कारकुनाच्या हाती लेखणी दिली. त्याच्यावर हसायचे तर आधी त्याचे ऐकून घ्यावे लागते, आणि इतका वेळ ऐकून घेतलेला माणूस मग परका राहत नाही. आजकाल एखाद्याची फजिती दुसराच कुणीतरी मोबाइलवर टिपतो आणि जगभर पाठवतो. ज्याची फजिती झाली त्याला बोलायला जागाच नसते. माझ्या नातवाला शाळेत असे काही झाले तर त्याच्या हाती काय द्यायचे, हे मला माहीत आहे.

सोमवारपासून मी वडिलांबरोबर पुन्हा स्टेशनवर जाऊ लागलो. पोरांनी हाक मारली की वडील छत्री उचलून त्यांना नमस्कार करत. महिनाभरात हाका बंद झाल्या. पुढे वडील पूल ओलांडून पश्चिमेला ग्रंथसंग्रहालयात जाऊन चिं. विं.ची बाकीची पुस्तके आणू लागले आणि जेवणानंतर वाचून दाखवू लागले.

शाळेचे पुस्तक परत कर, असे त्यांनी तेव्हाच बजावले होते. जूनमध्ये शाळा उघडली, माझी दहावी सुरू झाली, दंड बराच झाला असेल या भीतीने मी ग्रंथालयाकडे फिरकलो नाही. मग शाळाच सुटली. वडील गेले तेव्हा त्यांच्या कपाटात छत्रीच्या खाली ते पुस्तक सापडले. खाकी कव्हर घातलेले, आत आपल्या शाळेचा जांभळा शिक्का, आणि मागच्या खिशात माझ्या नावाचे कार्ड.

दंड दिवसाला पाच पैसे होता. पंचेचाळीस वर्षांचा हिशेब केला तर आठशे एकवीस रुपयांच्या वर जातो. मेळाव्याच्या दिवशी मी पुस्तक आणि हजार रुपये घेऊन येतो आहे. वरच्या पैशांत चिं. विं.चे आणखी एखादे पुस्तक बसेल. माझी एकच विनंती आहे. ते पुस्तक काचेच्या कपाटात ठेवू नका. एखाद्या तासाला सर आले नाहीत की त्याची दोन पाने कुणीतरी मोठ्याने वाचा. आणि वाचताना वर्गात एखादे पोर हसत नसेल, तर त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा.